उलटं बसवलेलं कुलूप

तिला गल्लीत सगळे किल्लीताईच म्हणत. वडिलांच्या कुलपांच्या दुकानात ती फ्रॉकात असल्यापासून कानस चालवायची. दोघे भाऊ मात्र कुलूप म्हटलं की पळ काढायचे. थोरल्याचे हात काळे होत, धाकट्याला आवाज सोसत नसे. कोण नाजूक बाई!

वडील गेले आणि हेच दोघे मालक होऊन बसले. दाराला नवं कुलूप लागलं. ताई विचारायला गेली, तर थोरला म्हणाला, "तुझं लग्न झालं, तुझा काय संबंध? आम्ही विकतोय."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. ते दुकान गेलं तर ती रोज उठून जाणार कुठे? कुलूप तर तिने बोलता बोलता उघडलं असतं, हत्यारं पिशवीत होतीच. पण सल्ला घ्यायला ती ज्यांच्याकडे गेली, त्या वकीलबाईंनी डोळे वटारले.

"खबरदार! हात लावलात तर चोर तुम्ही ठराल. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणजे तुमचा हिस्सा भावांइतकाच. आधी नोटीस पाठवू. नाहीच ऐकलं तर वाटपाचा दावा, आणि निकाल लागेपर्यंत विक्रीला मनाई मागू."

नोटिशीला भावांनी केराची टोपली दाखवली. मग दावा लागला, मनाईही मिळाली: दुकान विकायचं नाही, आतलं काही हलवायचं नाही.

तरी थोरल्याला अवदसा आठवलीच. किल्ल्या घडवायचं यंत्र गुपचूप पळवायला दोघे भर दुपारी आत शिरले आणि कुणी बघू नये म्हणून दार ओढून घेतलं. आता, कारागिराचे पैसे वाचवायला ते कुलूप यांनी स्वतःच बसवलं होतं, तेही उलटं; दार ओढताच ते आपोआप लागलं आणि आतून उघडेना. कुलूपवाल्याची पोरं हो! धाकट्याने घाबरून जोर लावला आणि किल्ली आतच मोडली.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या शिंप्याने ताईला बोलावून आणलं. वाटेतच तिने वकीलबाईंना फोन लावला. "माणसं अडकलीत, उघडा बिनधास्त," त्या म्हणाल्या.

पण ताई सावकाश दारासमोर बसली.

"ताई, उघड गं, जीव गुदमरतोय!" धाकटा आतून रडकुंडीला आला.

"मी? माझा काय संबंध?"

"अगं, तू आमची बहीण ना!" थोरला म्हणाला.

"ते ठाऊक आहे. दुकान कुणाचं?"

आत कुजबुज झाली. "तुझंही आहे," थोरला पुटपुटला.

"काका, ऐकू आलं का हो?"

"छे! माझं मशीन चालू होतं ना," शिंपी म्हणाला. मशीन केव्हाचं बंद होतं.

"तिघांचं आहे! तिघांचं!" थोरला बोंबलला.

गल्ली खो-खो हसली. ताईही हसली, पण तिचे डोळे भरून आले. एवढंच तर तिला ऐकायचं होतं. तिने चुटकीसरशी दार उघडलं. भाऊ घामाघूम बाहेर आले, यंत्राच्या तेलाने काळेकुट्ट झालेले हात घेऊन.

वकीलबाईंनी ते बोलणं हवेत विरू दिलं नाही. मध्यस्थासमोर तडजोड लिहून घेतली, कोर्टाचं शिक्कामोर्तब करून आणलं. दुकान तिघांचं, चालवायचं ताईने, भावांना त्यांच्या हिश्शाचं भाडं.

दुकान उघडल्यावर ताईने सगळ्यात आधी ते कुलूप काढून सरळ बसवलं. मग तीन किल्ल्या घडवल्या आणि दोन भावांच्या हातात ठेवल्या.

थोरला ओशाळला. "आम्हाला कशाला? आम्ही तर तुला..."

"बंद दाराबाहेर उभं राहिलं की कसं वाटतं, ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. "आणि ही मोडलीत तर पैसे घेईन."