झंपराच्या अस्तरावरचे संवाद

टेलिव्हिजनचा संच डोळ्यांनी बघायच्या आधीच टेलिव्हिजनसाठी विनोदी लिहिणारी बाई साऱ्या महाराष्ट्रात एकच झाली, आणि ती माझी आत्या होती. सांगलीजवळच्या आष्ट्याला ती बायकांचे झंपर शिवायची. मी पुण्याला शिकायला गेलो, तिथं घरमालकांकडे टीव्ही बघितला आणि सुट्टीत येऊन तिला त्याचं वर्णन ऐकवलं. ती म्हणाली, "म्हंजी रेडिओला खिडकी पाडलीया म्हण की!" आणि त्याच आठवड्यात त्या खिडकीसाठी पहिलं नाटुकलं लिहून तिनं मुंबईच्या केंद्राला धाडलं.

तिचं सगळं लेखन शिलाई मशीनवर चाले. मापं देताना बायका घरचं जे काही बोलत, त्यातलं एखादं वाक्य आवडलं की ते निसटू नये म्हणून ती खडूनं मिळेल त्यावर उतरवून घेई. मग ते वर्तमानपत्र असो की गिऱ्हाइकाचं अस्तर. एकदा पाटलीणबाई तणतणत आल्या, "आवं, माज्या झंपराच्या आत ‘माजा नवरा घोरतो बी मला इचारून’ असं लिवलंय! मालकांनी वाचलं की!" आत्याचा चेहरा उजळला. "आगं बया, ह्येच वाक्य दोन दिस हुडकतीया मी!" म्हणत तिनं झंपर उलटा करून वाक्य वहीत उतरवलं, आणि मग माफी मागितली. लिहून झालेलं ती शेजारच्या निवृत्त सुभेदारांना वाचून दाखवी. त्यांच्या मिशा हलल्या तरच वाक्य राही.

पाच नाटुकली साभार परत आली. सहाव्याला मुंबईहून बोलावणं आलं. सोबतीला मी होतो. निर्माते भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, झकास लिहिलंय. फक्त ही खेड्यातली बाई शेवटी त्या शहरी एजंटाकडून फसली पाहिजे. लोक जास्त हसतील."

"ती फसत न्हाई, साहेब."

"अहो, पण का?"

"तिचं माप मी घेतलंया. ती फसायची न्हाई." आणि आत्यानं आपली प्रत पिशवीत घातली. परतीची एस.टी. साताऱ्याला थांबली. चहा पिताना ती कपाकडं बघत म्हणाली, "चुकलं का रं माजं?" मी माझ्या कपातला अर्धा चहा तिच्या कपात ओतला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. नाटुकलं जसंच्या तसं घेतलं होतं. आष्ट्याला टीव्ही दिसत नव्हता, म्हणून ती पुण्याला आली. घरमालकांची खोली गच्च भरली होती. पडद्यावर तिचं नाव आलं तेव्हा माझी छाती अशी फुगली की शेजारच्याला सरकावं लागलं. बघतो तर आत्या संचाकडं पाठ करून उभी! सगळ्यांचे चेहरे न्याहाळत होती. घरमालकांची म्हातारी आई पोट धरून हसत होती.

"आत्या, तिकडं बघ की!"

"त्ये पाठ हाय मला. ह्ये बघू दे."

पुढं कितीतरी वर्षं ती लिहीत राहिली. सांगलीत आजही कुणी तिचं एखादं वाक्य सहज बोलून जातं, कुणाचं ते ठाऊक नसतं, आणि मी उगाच ताठ चालतो. त्या पहिल्या नाटुकल्याची फीत मात्र पुसून तिच्यावर दुसरं काही घेतलं गेलं, असं फार उशिरा कळलं. मी हळहळत तिला सांगितलं. ती काज करत होती. "हसली न्हवं तवा मानसं? मग झालं की," म्हणाली.

मग सुई थांबली.

"येकदा तरी वळून बघाया पायजे हुतं रं मी."