फिनिशिंग सर

चित्रकलेच्या सरांना सगळी शाळा मागून 'फिनिशिंग सर' म्हणायची, आणि हे सरांनाही ठाऊक होतं. तीस वर्षांत त्यांचा हात फिरला नाही असं एकाही मुलाचं चित्र नसेल. झाड जरा वाकडं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. "बघ, आता कसं झाड वाटतंय," असं म्हणून ते ब्रश परत करायचे. मुलं माना डोलवायची. न डोलवून सांगतात कुणाला?

यंदा त्यांनी तिसरीला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रं दाखवली.

"ही माणसं आपला मुलूख वरून पाहिल्यासारखा काढतात. त्यांच्या खुणा त्यांच्या, त्या आपण उचलायच्या नाहीत. तुम्ही आपापलं घर काढा. आणि ज्याची गोष्ट त्यानंच सांगायची. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या चित्रात एक ठिपकासुद्धा द्यायचा नाही."

मुलांनी कान साफ करायच्या काड्या रंगात बुडवल्या आणि आठवडाभर वर्गात नुसती टकटक चालली.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर सर चित्रं भिंतीवर लावत होते. शेवटच्या बाकावरच्या मुलीचं चित्र झकास होतं. निळे पलंग, लाल ओटा, दाराशी चपलांची रांग. फक्त खिडकीजवळ तळहाताएवढा तपकिरी कागद उघडाच होता. राहिलं बिचारीचं, असं म्हणत सरांनी तो पिवळ्या ठिपक्यांनी भरून टाकला.

तेवढ्यात डबा विसरला म्हणून ती मुलगीच परत आली.

"सर, हे कोणी केलं?"

"मीच. थोडं राहिलं होतं ना तुझं."

"राहिलं नव्हतं. तिथे आजोबांची खुर्ची असायची. ते गेल्यापासून आई तिथे काहीच ठेवू देत नाही." मग ती हळूच म्हणाली, "उद्या आई येणार आहे. न सांगता तिला ओळखू येतं का, ते बघायचं होतं."

सरांनी हातातली काडी खाली ठेवली. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द त्या वर्गात त्यांनी आजवर फक्त ऐकले होते.

पोस्टर कलर पाण्यानं निघाला असता, पण ओलं फडकं फिरवलं तर शेजारचा पलंगही गेला असता. सरांनी नवी काडी पाण्यात बुडवली आणि एकेक ठिपका टिपायला घेतला. मुलगी शेजारी उभी राहून देखरेख करत होती.

"जोरात नको, सर. कागद फाटेल."

"बरं," सर म्हणाले.

एवढं करूनही पिवळट डाग राहिलाच. दुसऱ्या दिवशी सर दोन्ही हात खिशात घालून दाराजवळ उभे राहिले. जीव मात्र त्या चित्रापाशी होता.

आई आली. चपला बघून हसली. पलंग मोजले. मग तिचं बोट खिडकीजवळ आलं आणि तिथेच थांबलं.

"आजोबांची जागा," ती म्हणाली, आणि तिनं मुलीला जवळ ओढलं.

शेजारच्या चित्रात एक टेबल चांगलंच वाकडं होतं. सरांनी ते पाहिलं आणि हात खिशातच ठेवले.