भागाबाईंचा केळीचा खार

"त्याईले राख नको व्हती, का माहा हात?" असे भागाबाई तायडे यांनी पुढे कित्येक वर्षांनी प्रस्तुत लेखकाला विचारले.

रावेर तालुक्यात केळीचा घड उतरला की उरलेला खांब बांधावर टाकला जातो आणि तिथेच सडतो. मजुरीवरून परतताना भागाबाई असे खांब डोक्यावर आणीत. चिरून वाळवीत, जाळीत. राखेवर पाणी ओतून ते फडक्यातून गाळीत आणि लोखंडी कढईत आटवीत. तळाशी पांढुरका खार उरे, उडदाचा पापड फुलवणारा. गाळून उरलेली राख भांडी घासायला जाई. १९९१ च्या उन्हाळ्यात गावच्या पापड करणाऱ्या महिला मंडळाने बाजारचा पापडखार सोडून हा खार घेतला. मंडळाच्या प्रमुख द्रौपदाबाईंनी त्याहून मोठी गोष्ट केली. "आखाजी झाली का लाटालेई ये," असे त्या भागाबाईंना म्हणाल्या. बौद्धवाड्यातल्या बाईसाठी द्रौपदाबाईंच्या ओसरीवर पोळपाट मांडला जाणे गावाला नवे होते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि एका लग्नाच्या पंगतीत मंडळाचा पापड दाताखाली कचकचला. ज्याचा खार बंद झाला होता तो किराणा दुकानदार लीलाधर म्हणाला, "वीटभट्टीची राख चारते ती तुम्हाले. केळीले कुठून येतो खार?"

द्रौपदाबाईंनी भागाबाईंना बोलावणे धाडले. ओसरीवरच्या सतरंजीवर बाया दाटीने बसल्या होत्या; मध्ये पाण्याने भरलेला काचेचा ग्लास आणि खाराची बरणी. परीक्षा साधी होती: खार पाण्यात पुरता विरघळतो, भट्टीची राख तळाशी बसते.

भागाबाईंना त्या तळाचीच धास्ती होती. भट्टी त्यांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर. बरणीतल्या खाराची कढई निवत असताना वावटळ उठली होती आणि वर फडके टाकायचे राहून गेले होते. ही गोष्ट त्या एकट्यांनाच ठाऊक होती.

"टाक व भागा, काय पाह्यत बसली?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"आधी एक सांगते, अक्का. वावटळीत कढई उघडी व्हती माही. तळाशी काही बसलं त बरणी मीच उकिरड्यावर नेते."

"घ्या, कबुली बी झाली!" पायरीवरून लीलाधर हसला.

"तू गप रे. तुह्या डाळीतले खडे मोजाले बसू का आम्ही?" द्रौपदाबाई कडाडल्या.

बाया हसल्या, पण भागाबाईंनी चिमूट सोडताच हसू थांबले. पाणी गढूळले. कोणी हलेना. ग्लासाखालची सतरंजीची लाल पट्टी आधी धूसर, मग हळूहळू उजळ झाली. तळाशी कण नव्हता.

"गिरणीच्या जात्याले आपल्या दळणाआधीच टाकी मारली व्हती ना," कोपऱ्यातून एक बाई पुटपुटली. नव्याने टाकी मारलेल्या दगडाची कच पहिल्या पिठात उतरते, हे तेव्हा सगळ्यांनाच आठवले. लीलाधर चपला पायात सरकवून निघून गेला.

"बरणी आत ठेवा," द्रौपदाबाई म्हणाल्या. "अन् कढई झाकत जाय, भागा."

पोळपाट बाहेर आले. एकेकीचे नाव घेऊन ते वाटले गेले. शेवटचा पोळपाट वाटून झाला तरी भागाबाई ओसरीच्या खांबापाशी उभ्याच होत्या. मग त्यांनी पदर सावरला आणि पायऱ्या उतरल्या.

मंडळाने १९९६ पर्यंत खार त्यांच्याकडूनच घेतला. त्या सहा उन्हाळ्यांत लाटायचे बोलावणे पुन्हा आले नाही.