एकतीस बरोबर

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. सहलीला सहा महिने झाले. जगदाळे सर म्हणतात, "बाई, विषय संपवा आता." विषय संपवायला तो काय खडू आहे?

आधी अख्तरबीबद्दल सांगते. ती आमच्या शाळेत पोषण आहार शिजवते. आष्ट्याच्या बाजूला आमचं गाव. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोनच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक जगदाळे सरांकडे. पोरं एकतीस. अख्तरबीचा नवरा मौला गाद्या भरायचा. फोमच्या गाद्या आल्या, त्याचं काम बसलं आणि ही आमच्या चुलीपुढे आली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तोंडानं अशी फटकळ की भले भले वचकून असतात. एकदा एक अधिकारी आमटी चाखायला आले आणि त्यांनी पळीलाच तोंड लावलं. हिनं त्यांच्या हातातून पळी काढून घेतली. म्हणाली, "लेकरांच्या अन्नात उष्टं करू नगा सायेब. वाटी देती की."

तिची एक सवय मला अडाणीपणाची वाटायची. पंगत बसली की ती पोरं कधी मोजायची नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात वाकून, तोंडाकडे बघूनच वाढायची. "लेकरं मोजायची नसत्यात बाई, तोंडं बघायची आसत्यात," असं म्हणायची. मी हसायचे. मी डीएड झालेली ना!

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक स्वयंसेविका आली. हॉलंडची बावीस वर्षांची पोरगी, कुठल्याशा संस्थेनं दोन महिन्यांसाठी पाठवलेली. नाव मारायके. पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं 'मारकी मॅडम' करून टाकलं, आणि मारक्या म्हशीचा अर्थ तिला कुणी सांगितला नाही. पोरगी मनानं चांगली होती, हे मी रागातसुद्धा कबूल करते. पण सरांना तिचं असं काही कौतुक चढलं की विचारू नका. झेंडावंदनाला मारकी मॅडम, हळदीकुंकवाला मारकी मॅडम आणि प्रत्येक फोटोत मधोमध मारकी मॅडम.

औंधची सहल ठरली तेव्हाही तसंच. गाडीच्या दारात सरांनी तिच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि अख्तरबीला सांगितलं, "तुम्ही फक्त जेवणाचं बघा. पोरांचं मॅडम बघतील."

अख्तरबीनं लाडवांचा डबा उचलला आणि ती गाडीत चढली. 

औंधला संग्रहालय झालं. मग यमाईचा डोंगर. वर नुसती गर्दी. त्या दिवशी आणखी एक शाळा आली होती, कोरेगावकडची. सरकारी शाळांचा गणवेश सगळीकडे एकच, त्यामुळे पायऱ्यांवर आकाशी आणि निळ्या रंगाचा नुसता काला झाला होता. दर्शन झालं, फुटाणे झाले. मारकी मॅडम शिट्टी वाजवून पोरं गोळा करत होती, ज्याचा हात हाताला लागेल त्याला ओढत होती. गाडीत बसल्यावर तिनं दोनदा मोजलं आणि अंगठा वर केला. सरांनी खात्रीला एकदा मोजलं. मीही मोजलं. एकतीस. बरोबर.

गाडी सुरू झाली. अख्तरबी राजगिऱ्याचे लाडू वाटायला उठली. तिसऱ्या बाकाशी थबकली आणि ओरडली, "गाडी थांबीव रं!"

खिडकीपाशी एक पोरगी बसली होती, दोन वेण्या घातलेली. थोड्या वेळापूर्वी मी तिला पाणी दिलं होतं.

"हे आपलं न्हाई," अख्तरबी म्हणाली. "तू कुणाची गं?"

"मी राणी. कोरेगावकडची," पोरगी हसत म्हणाली. "गोऱ्या बाईंनी हात धरला म्हणून बसले."

"आन् चंदना कुटं हाय?"

चंदना माझ्या दुसरीतली. रायगोंडा पाटलांची मुलगी, वर्गात सगळ्यात गरीब, कसला त्रास नाही. गाडीत चंदना नव्हती.

सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "अहो, मॅडमनी दोनदा मोजलंय. आकडा बरोबर आहे."

"आकडा घाला चुलीत!" अख्तरबी गाडीच्या दारात उभी राहिली, दोन्ही दांड्या धरून. "माजी पोर दावा आदी. न्हाईतर गाडी माज्या अंगावरनं न्या."

सर लाल झाले. पण उतरले. आम्ही सगळे उतरलो. सरांनी देवळातला माईक मागून घेतला आणि डोंगरभर आवाज घुमला, "चंदना पाटील, जिथे असशील तिथून गाडीपाशी ये." एकदा, दोनदा, पाच वेळा. एका बाजूला कडा, खाली गाड्यांचा रस्ता. सात वर्षांची पोर. मी कठड्यावरून खाली वाकून वाकून तिच्या नावानं ओरडत होते.

अख्तरबीनं माझा दंड धरून मला मागे ओढलं. "हाका मारून काय उपेग बाई? तिला कुटं ऐकू येतंय?"

"म्हणजे?"

"लय कमी ऐकू येतंय तिला. तोंडाकडं बघून समजती ती. तुमाला म्हाईत न्हाई?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तिच्या आईला मी दोनदा सांगितलं, ती म्हणती मोठी झाल्यावर सुदरंल. मला वाटलं, तुमाला तर म्हाईतच आसंल. तुमी बाई हाय न्हवं तिच्या?"

तिनं माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती आमच्या ड्रायव्हरकडे, भाऊसोकडे वळली. "त्यांची पोर आपल्यात, तर आपली त्यांच्यात आसंल. त्या गाडीचा डायवर तुज्याबरूबर च्या पीत हुता. लाव फोन."

भाऊसोनं नंबर घेतलेलाच होता. ती गाडी रहिमतपूरच्या अलीकडे पोहोचली होती. त्यांचाही आकडा बरोबर आला होता. पलीकडचा ड्रायव्हर म्हणाला, हो, एक पोरगी मघापासून काही बोलत नाही, नाव विचारलं तरी नुसती बघते.

अर्ध्या तासानं रस्त्याकडेला दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. राणी टुणकन उडी मारून गेली. चंदना उतरली ती सरळ अख्तरबीच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली. रडली नाही. अख्तरबीनं तिची हनुवटी वर केली आणि तिला दिसेल असं सावकाश म्हणाली, "भूक लागली?" चंदनानं मान हलवली. मारकी मॅडम रडत होती. पोरांचं बघून शिकली होती, तसे तिनं अख्तरबीपुढे दोन्ही कान धरले. माफी मागणारी ती एकटीच निघाली.

परतीच्या वाटेवर सर आम्हाला म्हणाले, "गावात उगाच बोभाटा नको. पोरगी सापडली ना?" गाव आलं. अख्तरबी चंदनाला कडेवर घेऊन रायगोंडाच्या दारात गेली आणि सगळं सांगून आली. ऐकू येत नाही, डॉक्टरला दाखवा, हेही पुन्हा सांगून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'परदेशी पाहुण्यांच्या मार्गदर्शनाखाली सहल आनंदात संपन्न.' फोटोत अख्तरबी नाही. मग सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. "तुमचं काम स्वयंपाकाचं. पालकांशी बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं? पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बघू का?"

ती चुलीवर भात ठेवून आली होती. म्हणाली, "बगा की. पर तिला सगळ्यांची तोंडं वळकाया शिकवा."

त्यावर माझा तोल गेला. अकरा वर्षांच्या नोकरीत मी सरांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी टेबलावर हात आपटला. "अख्तरबीला काढलंत तर मी तालुक्याला जाऊन काय घडलं ते लिहून देईन," म्हणाले. "मोजणारे तुम्ही, मिरवणारे तुम्ही, आणि पोर ओळखली तिनं. लाज वाटायला पाहिजे आपल्याला!" सर समोरची फाइल चाळू लागले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. त्याच तोऱ्यात मी वर्गात आले, हजेरीचं पुस्तक उघडलं आणि नेहमीसारखी मान खाली घालून नावं घेऊ लागले.

"चंदना रायगोंडा पाटील."

"हजर, बाई."

माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं. चंदना मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होती. आवाज तिच्या शेजारच्या प्रीतीचा होता.

"तू का बोललीस गं?" मी विचारलं.

प्रीतीला प्रश्नच कळला नाही. "मीच बोलते की, बाई," ती म्हणाली. "पहिलीपासनं."