सरांचं दुसरं मत

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सरांइतका संतापी माणूस अख्ख्या विश्रांतवाडीत सापडणार नाही, आणि चीड आणणारी गोष्ट ही की दर वेळी तेच बरोबर असतात. गणिताचे निवृत्त शिक्षक. लिफ्टमध्ये "कसे आहात?" विचारलं की म्हणायचे, "तिसरा हिस्सा सोसायटी आमच्या बाजूची, आणि कमिटीत आमचं कुत्रं नाही. कसा असणार?" खरंच होतं ते. चारही विंगमध्ये दर वेळी चेअरमनचंच पॅनेल जिंकायचं आणि आमच्या डी विंगच्या नळाला सकाळी नुसती हवा यायची.

सरांनी तोडगा काढला. प्रत्येकाला दोन मतं. पहिलं आपल्या विंगमधल्या माणसाला, दुसरं पॅनेलला. कमिटीच्या आठांपैकी चार जागा विंगमधून, प्रत्येकी एक. उरलेल्या चार पॅनेलच्या यादीतून अशा भरायच्या, की दुसऱ्या मतांत जेवढा वाटा, तेवढाच एकूण आठांत, विंगमधल्या जागा धरून. हे त्यांनी वर्षभर ऐकवलं. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, अहो, माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला, पंगतीत! "हक्काचे दोन लाडू. ते आधीच पानात पडलेत. मग वाढप्यानं पुढे जायचं! यात न कळण्यासारखं काय आहे?" शेवटी कंटाळून सभेनं मंजुरी दिली.

मतदानाच्या आदल्या दिवशी पार्किंगमध्ये, माझ्या मुलीसमोर, मला म्हणाले, "इंजिनियर ना तुम्ही? भागाकार येतो का?" माझं डोकंच फिरलं.

सी आणि डी, दोन्ही विंग सरांच्या पॅनेलनं जिंकल्या. पण त्यांच्या व्याख्यानांना विटलेल्या लोकांनी दुसरं मत त्यांच्या पॅनेलला दिलंच नाही. जेमतेम पाव हिस्सा. म्हणजे आठांत दोन, आणि दोन तर विंगमधूनच आलेल्या. यादीत पहिलं नाव सरांचं होतं. फळ्यावर गणित त्यांनीच मांडलं आणि स्वतःच्या नावावर स्वतःच रेघ मारली. "तिसऱ्या जागेला तीन मतं कमी पडली," एवढंच म्हणाले.

चेअरमन हसत म्हणाले, "या हो सर, एक जागा आम्ही सोडतो."

"मग निवडणूक कशाला घेतलीत? आणि दात काय काढताय?" सर कडाडले.

आता डी विंगला सकाळी पाणी येतं. सर सभेला येतात, मागच्या खुर्चीवर बसतात आणि ओरडत नाहीत. मला तेच सहन होत नाही. परवा लिफ्टमध्ये मुद्दाम विचारलं, "कसे आहात?"

"बरा आहे. पाणी येतंय ना वर?" म्हणाले आणि उतरले.

पहिलं मत मी सरांच्या पॅनेलमधल्या, आमच्याच विंगच्या बाईंना दिलं होतं. दुसरं, पार्किंगमधल्या त्या रागात, चेअरमनच्या पॅनेलला. एवढ्याशा रागापायी! त्यांच्या दारावरून रोज जातो, पण बेल दाबायला हात उचलत नाही.