खंडेनवमीला पुजलेला पेनड्राइव्ह

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेल कारखान्याच्या मालकांची अट स्पष्ट होती. दसऱ्याच्या सकाळी मी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या हुकुमावर पहिला टॉवेल विणला गेला, तर सगळ्या मागांचे काम माझे. नाहीतर ते बाहेरून तयार यंत्रणा मागवणार. पुण्याची नोकरी सोडून मी सोलापुरात परतले होते ती याच कामाच्या भरवशावर.

काम तसे किचकट नव्हते. पेनड्राइव्हमधली नक्षीची फाइल तळहाताएवढ्या बोर्डाने वाचायची आणि तसे मागाला सांगायचे. घरी माझे सगळे पेनड्राइव्ह तो निमूट वाचत असे. खंडेनवमीच्या सकाळी मालकांचा लावला आणि बोर्ड ढिम्म. वीज तपासली, जोडणी तपासली, प्रोग्रॅम पुन्हा चढवला. काही नाही.

"माझ्या टीव्हीत चालतो की, अम्मा," मालक म्हणाले. तेलुगू घरातले ते. मुलीच्या वयाच्या प्रत्येकीला अम्मा म्हणत. "तुमचं यंत्र लई शिकलेलं दिसतंय."

लॅपटॉपवर पाहिले तेव्हा कारण कळले. नक्ष्यांशेजारी त्यांच्या मुलीच्या लग्नाची अवाढव्य फिल्म होती. ती मावावी म्हणून कुणीतरी पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने फॉरमॅट केला होता, आणि माझ्या बोर्डाला फक्त जुनी पद्धत येत होती.

"हा पुसून पुन्हा फॉरमॅट करावा लागेल."

"माझ्या पोरीचं लग्न पुसता?"

"अहो, आधी लॅपटॉपवर उतरवून घेते ना!"

तेवढ्यात मालकीणबाईंनी पेनड्राइव्ह काढून पूजेच्या पाटावर कात्र्यांशेजारी मांडला आणि त्याला ओले कुंकू लावलेसुद्धा. आता दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नव्हता.

"हे काय हत्यार आहे?"

"नक्षी ह्यातच असते की," त्या शांतपणे म्हणाल्या.

तर्कात खोट सापडेना, म्हणून संताप दुप्पट झाला. घरी जाऊन मी बोर्डालाच नवी पद्धत शिकवली. माझाच एक पेनड्राइव्ह तसा फॉरमॅट करून खात्री केली.

दसऱ्याच्या सकाळी मालकांचा पेनड्राइव्ह लावला. पुन्हा ढिम्म. त्याच्या तोंडात कुंकू वाळून बसले होते. मी रुमाल काढला.

"अगं, सणाच्या दिवशी कुंकू पुसतात होय!" मालकीणबाई ओरडल्या.

क्षणभर वाटले, सामान आवरावे आणि निघावे. मग विचार केला: नियम त्यांचे आहेत, तर वाटही त्यांच्याच नियमांतून काढायला हवी.

"पुसत नाही. इथलं कुंकू मागाला लावलं तर चालेल?"

"लावायला काय हरकत?"

ताम्हणातली एक कोरडी वात घेतली, पेनड्राइव्हच्या तोंडात नीट फिरवली आणि तिचे लाल टोक मागाला टेकवले. असे चार वातींनी केल्यावर धातूच्या पट्ट्या चमकल्या. पेनड्राइव्ह लावला, बोर्डावरचा हिरवा दिवा लागला आणि माग खडखडू लागला. नक्षीतल्या मोराची मान टॉवेलवर वर सरकत होती.

"बघा, पूजा पावली!" मालक म्हणाले.

दात आवळून मी विचारले, "सगळे माग?"

"सगळे. शब्द दिलाय की."

"मग माझीही एक अट. पुढच्या खंडेनवमीला पूजा पेनड्राइव्हला टोपी लावून."

"टोपीला कुंकू?" मालकीणबाई विचारात पडल्या.