उंट कधी द्यायचा नाही

लिफ्ट कधी अचानक पडत नाही, असं लिफ्टवाले सगळ्यांना सांगायचे. आधी ती कुरकुरते. मग थांबताना मजल्याच्या बोटभर खाली थांबते. लोक म्हणतात, "चालतंय की!" आणि त्यानंतर जे होतं, त्याला अपघात म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करण्यात, इमारतींच्या पोटात तेलकट दोरांशेजारी उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचा कान तयार झाला होता. असा कान माणसाला सुखाने जगू देत नाही.

कामावर इतका सावध असणारा हा माणूस बुद्धिबळाच्या पटावर मात्र पक्का उधळ्या होता. क्लबात त्यांना 'दानशूर' म्हणायचे. पांढरी मोहरी मिळाली की पहिल्या खेळीला राजापुढचं प्यादं, दुसरीला त्याच्या शेजारचं, उंटापुढचं. घ्या, फुकट आहे! समोरच्याने ते मारलं की यांचा घोडा बाहेर, उंट बाहेर, आणि बघता बघता सगळी फौज काळ्या राजाच्या दारात. याला गॅम्बिट म्हणतात. आधी द्यायचं, मग वसूल करायचं. नवशिक्याची घाबरगुंडी उडायची आणि तो आपोआप मरायचा. जरा बरा खेळणारा हावेने मरायचा, कारण ते फुकटचं प्यादं छातीशी धरून बसण्यातच त्याचा वेळ जायचा. क्लबात येणारे सगळे या दोन प्रकारांतलेच. त्यामुळे दानशूरांचा दबदबा होता.

एकदाच तो उतरला. बदलीवर आलेल्या एका अबोल कारकुनाने प्यादं मारलं आणि पुढच्याच खेळीला वजिरापुढचं आपलं प्यादं मरायला पुढे सारून उसनवारी फेडून टाकली. ना भीती, ना हाव. दानशूरांची फौज दारात पोचली तर आत कुणी नाही, आणि मागे त्यांचाच राजा उघड्यावर. असे कितीतरी रविवार ते हरले. कारकून बदलून गेला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. मग घरी एकटेच बसून त्यांनी त्यावर उतारा शोधला. उतारा कडू होता. काळा घोडा पटाच्या मध्यावर आला की आपला लाडका उंट त्याच्यावर देऊन टाकायचा. ज्या उंटाच्या जोरावर सगळा हल्ला, तोच. मग डाव वाचतो, बरोबरीला येतो आणि मजा मरते. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी मुंगी होती, त्यांची एकुलती लेक. लहानपणी मेलेली मोहरी एकेक करून डब्यात नेऊन ठेवायची, म्हणून हे नाव. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते तिला शिकवायचे. पांढरी नेहमी त्यांची. "काळी असली तर घेतलेलं सोडायचं नाही," ते सांगायचे, "आणि पांढरी असली तर हा उंट कधी द्यायचा नाही." मुंगी मान डोलवायची. बाबांचा शब्द तिला ब्रह्मवाक्य होता.

ती सातवीत असताना एका दुपारी तिचं बोट वजिरापुढच्या त्या प्याद्यावर येऊन टेकलं. कुणी न शिकवता. हे प्यादं सरकलं की पुन्हा कधी आपण या पोरीला हरवणार नाही, हे लिफ्टवाल्यांना लख्ख दिसलं.

"अगं, ते कशाला?" ते म्हणाले. "आधी आपलं घेतलेलं सांभाळ."

तिने बोट उचललं. तो डाव ते जिंकले. जेवताना त्यांना घास गोड लागला नाही, पण जिंकले.

पुढे तीच दुसऱ्यांसमोर पांढरी घेऊन बाबांचा गॅम्बिट खेळायला लागली. शाळेत तिने सगळ्यांना लोळवलं. शहरात बहुतेकांना. त्याच्या वरच्या स्पर्धांत निम्म्यांना, आणि तिथून पुढे जिंकलेल्या डावांतही तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला. जितकं वर जावं तितके न घाबरणारे आणि हाव न धरणारे भेटत होते. लिफ्टवाल्यांना कुरकुर ऐकू येत होती.

"अहो, तिला दुसरं काहीतरी शिकवा ना," बायको म्हणाली. "पोरगी झोपेत दचकते."

"चालतंय की," ते म्हणाले, आणि लोकांचे शब्द त्यांनी आपल्याच तोंडून ऐकले.

निवड स्पर्धेचा शेवटचा डाव होता. जिंकली तर मुंगी संघात, नाहीतर घरी. आईबापांना काचेच्या दारामागे उभं केलं होतं. समोर चष्मेवाली शांत मुलगी बसली होती. मुंगीने प्यादं दिलं, तिने घेतलं, आणि लगेच परत दिलं. वर पाहिलंसुद्धा नाही. थोड्याच वेळात काळा घोडा पटाच्या मध्यावर येऊन बसला.

मुंगी विचारात बुडाली. खूप वेळाने तिचा हात उंटावर गेला.

"दे गं," लिफ्टवाले काचेला पुटपुटले. "देऊन टाक."

हात थबकला. ती स्वतःशीच काहीतरी बोलली. काय, ते त्यांना ओठांवरून कळलं, कारण वाक्य त्यांचंच होतं. उंट एक घर मागे सरकला. त्यानंतरचा डाव त्यांनी पाहिला नाही.

मुंगी हरली, संघ हुकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कामावरून आले, तर टेबलावर पट मांडलेला.

"मी काळी घेते, बाबा. तुम्ही नेहमीसारखं खेळा."

"दमलोय गं."

"एकच डाव."

आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. त्यांनी प्यादं दिलं. मुंगीने घेतलं, परत दिलं, कालच्या मुलीसारखंच. या वेळी त्यांनी तिला अडवलं नाही. खेळी, खेळी, आणि मुंगीचा घोडा मध्यावर आला. तो पटाला टेकतो न टेकतो तोच त्यांचा हात पुढे गेला. वर्षानुवर्षं एकट्याने घोटलेली खेळी ती. उंटाने घोडा मारला, आणि मेलेला घोडा त्यांच्या मुठीत राहिला.

मग त्यांना कळलं, आपण काय केलं ते.

मुंगी उंटाकडे बघत राहिली. ओट्यावरची सुरी थांबली होती.

"काल मी इथे तासभर बसले होते, बाबा," ती म्हणाली. "तुमचा हात लगेच गेला."

त्यांची मूठ घोड्याभोवती आवळली.

"कधीपासून माहीत होतं?"

"तू सातवीत..." ते म्हणाले. "त्याच्याही आधीपासून."

तिने मान डोलवली, लहानपणी डोलवायची तशीच. मग त्यांच्या मुठीतून तो घोडा काढून घेतला आणि डब्यात नेऊन ठेवला. पटावर पुढची खेळी तिची होती. ते वाट बघत बसले. ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.